भुकेचे दुखणे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आठ दिवसांपूर्वी चिटणीसबाईंचा निरोप आला, की वर्धापनदिनाला तू काहीतरी बोल. मी म्हटले, माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, सभेपुढे उभी राहून मी काय बोलणार? त्या म्हणाल्या, स्वयंपाकघरातले बोल, तेथले तुला ठाऊक आहे. म्हणून मी स्वयंपाकघरातलेच बोलते. दरवर्षी या दिवशी आपल्याकडे कोणी लोणच्या-पापडांवर बोलते, कोणी मुलांच्या संगोपनावर. मी आज, ज्या घरात शिजवायला पुरेसे नसते त्या घरातील मोठ्या माणसांच्या प्रकृतीविषयी बोलणार आहे. हळदीकुंकवाच्या दिवसांत हा विषय काढू नये असे कोणाला वाटेल. परंतु तो पौषातच काढला पाहिजे. सध्या धान घरी आले आहे. हेच मी भाद्रपदात बोलले असते तर ऐकणारीला वाटले असते, ही काही मागायला आली.

लहान मुलांच्या भुकेविषयी आपण पुष्कळ ऐकतो, आणि ते योग्यच आहे. अंगणवाडीत मुलाचे वजन होते, शाळेत दुपारचे जेवण मिळते, गरोदर बाईची नोंद होते. पण चाळीस वर्षांची बाई, किंवा पन्नास वर्षांचा मजूर माणूस, किंवा घरातली म्हातारी अर्धपोटी आहे की काय, हे पाहणारा वजनकाटा कोठे टांगलेला नाही. मोठे माणूस म्हणजे ते सोसणारच, असे आपण धरून चालतो.

बाहेरचा माणूस म्हणेल, कामठ्यात कसली आली भूक? हा तर धानाचा मुलूख. जवळच गोंदियाला तांदळाच्या गिरण्या, पावसाळ्यात जिकडे पाहावे तिकडे हिरव्या बांध्या. खरे आहे. पण ज्यांची शेती एक-दोन एकर, आणि तीही पावसावर, किंवा ज्यांना तेवढीही नाही, त्यांचे धान घरी येते ते पाहुण्यासारखे. खताची उधारी, दुकानाची उधारी, दवाखाना, मुलीचे लग्न, असे करता करता होळीपर्यंत कोठीचा तळ दिसू लागतो. उन्हाळ्यात मोहफुले आहेत, तेंदूपत्ता आहे. आषाढात रोवणे आहेत, तेव्हा मजुरी मिळते. रोवणे संपले, की श्रावणाच्या शेवटापासून हलके धान कापणीला येईपर्यंत हाताला काम नाही आणि घरात दाणा नाही, असे दीड-दोन महिने काही घरांत येतातच. रेशनचा तांदूळ आल्यापासून पूर्वीसारखी चूल विझत नाही, हे मी मान्य करते. त्याचे पुढे सांगेन. पण चूल पेटली म्हणजे सगळे जेवले असे नव्हे.

अशा घरात पहिली भूक कोणाची मरते, हे तुम्हा-आम्हांस ठाऊक आहे. वाढणारीची. ती म्हणते, “मला भूक नाही.” आपल्या बायकांच्या तोंडचे इतके खपणारे दुसरे वाक्य मी ऐकलेले नाही.

२००९ साली पावसाने साऱ्या देशाकडेच पाठ फिरवली होती. आमचेही पऱ्हे जागेवरच पिवळे पडले. घरात खाणारी सात तोंडे. सासूबाई वाढायच्या, मी भाकरी-भात करायची. कामावर जाणारी माणसे व मुले आधी जेवायची. मग सासूबाई म्हणायच्या, मला भूक नाही, तू जेव. मी म्हणायची, मलाही नाही, तुम्ही घ्या. एका घरात दोन बायका, आणि दोघींनाही भूक नाही! शेवटी पातेल्यात पाणी घालून जी पेज निघायची ती दोघी वाटून प्यायचो.

तीन-चार आठवडे असे गेल्यावर माझी तब्येत बिघडली. बोअरिंगवरून पाणी आणताना दोनदा बसावे लागे. हात थरथरत, कानांत घूं घूं होई. पण खरे दुखणे निराळेच होते. रात्री झोप लागेना. अंथरुणावर पडून मी तांदूळ मोजायची. इतके शेर उरले, रोजचे इतके लागते, म्हणजे अमुक वारापर्यंत. पुन्हा मोजायची, जणू मोजून वाढणार होते. सकाळी उठले की कशातच मन लागेना. हातातून झाकण पडले तरी रडू यायचे. बोलायचे तर शब्द सापडेना, म्हणून बोलणेच सोडले.

घरच्यांना काळजी वाटली. कोणी म्हणाले, हे बाहेरचे आहे. मला एका जाणत्याकडे नेले. त्याने कपाळाला अंगारा लावला आणि एक कोंबडी घेतली. ती कोंबडी मला शिजवून घातली असती तर निम्मे दुखणे तेथेच उतरले असते! नंतर एका डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या. त्यांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली, पण मी काय खाते हे विचारले नाही. ते विचारले एका नर्सबाईंनी. त्यांनी मला बाजूला बसवून तीन प्रश्न केले. काल रात्री काय जेवलात? परवा काय जेवलात? आणि पुढच्या आठवड्याचे तांदूळ घरात आहेत काय? पहिल्या दोन प्रश्नांना मी काहीबाही उत्तर दिले. तिसऱ्याला मला उत्तर देता आले नाही, नुसते रडू आले. त्या म्हणाल्या, बाई, तुम्हाला वेड लागलेले नाही, तुम्ही उपाशी आहात.

ही गोष्ट मी माझे दुःख सांगण्यासाठी सांगितली नाही. आज माझे बरे चालले आहे. सांगायचे ते हे, की त्या तिसऱ्या प्रश्नात मोठे शहाणपण होते, हे मला पुढे कळले. माझ्या मुलीने कॉलेजात असताना मला वाचून दाखविले, की संयुक्त राष्ट्रांची जी अन्न व शेती संघटना आहे, तिने निरनिराळ्या देशांतील माणसांना विचारण्यासाठी आठ प्रश्न ठरवून ठेवले आहेत. मागच्या वर्षभरात पैशाअभावी तुमच्यावर एक वेळचे जेवण टाळण्याची पाळी आली काय, हवे त्यापेक्षा कमी खावे लागले काय, घरातले अन्न संपले काय, भूक असून जेवला नाहीत काय, सबंध दिवस उपाशी राहिलात काय, असे ते प्रश्न. पण यादीतला पहिला प्रश्न कोणता असेल? तुम्हाला पुरेसे खायला मिळणार नाही अशी काळजी वाटली काय, हा. म्हणजे जगातल्या जाणत्या लोकांनीही भुकेची सुरुवात पोटात धरलेली नाही, काळजीत धरली आहे. ताट रिकामे होण्याच्या पुष्कळ आधी घरातल्या बाईची झोप जाते. तेथूनच दुखण्याचा आरंभ.

या बाबतीत अमेरिकेत एक प्रयोग झाला होता. दुसरे महायुद्ध चालू होते आणि युरोपात लाखो लोक उपासमारीत होते. त्यांना पुढे कसे खाऊ घालावे हे समजावे, म्हणून मिनेसोटा विद्यापीठातील डॉ. अन्सेल कीज यांनी १९४४ साली ३६ धडधाकट तरुण निवडले. हे सारे आपल्या राजीखुशीने आलेले. त्यांना काही महिने नीट जेवू घातले आणि मग सहा महिने निम्म्या शिध्यावर ठेवले. बटाटे, सलगम, पाव असले गरिबाचे खाणे, दिवसातून दोनदा. वजन पाव हिश्शाने उतरले. नाडी मंद झाली, उन्हाळ्यातही थंडी वाजू लागली, पायांना सूज आली. हे कोणीही सांगेल. परंतु त्यांच्या मनाचे जे झाले ते आपण बायांनी ऐकण्यासारखे आहे. चांगले हसतेखेळते, शिकलेले मुलगे चिडखोर झाले. एकमेकांशी बोलेनासे झाले. वाचनात, देवाधर्मात, राजकारणात, कशातच त्यांचे लक्ष लागेना. रात्रंदिवस एकच विचार, जेवणाचा. ज्यांनी कधी चुलीपुढे पाय ठेवला नव्हता ते पाककृतींची पुस्तके घेऊन बसत. ताटल्या चाटत. कित्येकांना उदासीने घेरले.

आता विचार करा. त्या मुलांना घरसंसार नव्हता, कोणा लेकराच्या ताटात वाढायचे नव्हते, आणि मुख्य म्हणजे कोणत्या तारखेला हे संपणार ती तारीख त्यांना ठाऊक होती. तरी त्यांचे असे झाले. आपल्याकडे रोवण्यावरून आलेल्या बाईला ती तारीख कोण सांगतो? आणि ती चिडली की आपण म्हणतो, हिचा स्वभावच तसा. गप्प बसली तर म्हणतो, माणूसघाणी आहे. हळदीकुंकवाला आली नाही तर म्हणतो, हिला गर्व झाला. बायांनो, ती गर्वाने येत नाही असे नव्हे. आली तर उलट आपल्यालाही बोलवावे लागेल, आणि वाण कोठून आणावे, ही तिची पंचाईत असते.

हे झाले मनाचे. अंगाचे काय होते ते पाहायला अमेरिकेस जायला नको. आपल्याच बांधीत ते उगवते. मी लाखोळीविषयी बोलते आहे.

लाखोळी आपल्या ओळखीची. धान कापणीला आले की उभ्या पिकात तिचे बी फेकायचे. ओलीवरच ती येते. नांगर नको, खत नको, पाणी नको. तिचा कोवळा पाला भाजीला, डाळीचे वडे तर पाहुण्यांना आवडणारे. पण याच डाळीने पूर्वी कित्येक माणसांचे पाय गेलेले आहेत. १८४४ साली स्लीमन नावाच्या इंग्रज अंमलदाराने सागरकडची हकिकत लिहून ठेवली आहे. त्या भागात १८२९ सालापासून तीन वर्षे लागोपाठ गहू बुडाला. एका वर्षी गारा, एका वर्षी पाऊस नाही, एका वर्षी तांबेरा. तगली ती एक ही डाळ. लोकांनी तीच पोटभर खाल्ली. १८३३ साली गावातल्या तरुण माणसांचे कमरेखालचे अंग लुळे पडू लागले. रात्री चांगला निजलेला माणूस सकाळी उठेना.

या डाळीत एक विषारी द्रव्य असते. दोन-तीन महिने तिचाच भर पोटात गेला, की ते मज्जातंतूंवर उतरते. पाय काठीसारखे ताठ होतात, गुडघे एकमेकांवर घासतात, टाचा टेकत नाहीत. आधी एक काठी, मग दोन काठ्या, काहींना शेवटी बसून सरकावे लागते. यावर औषध नाही. माणूस मरत नाही, डोके शाबूत राहते, आणि तसाच वर्षानुवर्षे जगतो. कमावत्या वयाच्या पुरुषांना हे अधिक होई. माझी आजी सांगत असे, की तिच्या माहेरी असे एक आजोबा होते. पायांपेक्षा त्यांना लोकांच्या नजरेचा त्रास अधिक. सारा दिवस परसात, भिंतीकडे तोंड करून दोऱ्या वळत बसायचे.

पण लक्षात घेण्यासारखी गोष्ट पुढेच आहे. त्याच गावात मालगुजाराच्या घरीही लाखोळीचे वडे होत. त्यांच्या घरी कोणाचे पाय गेले नाहीत. भात आहे, गहू आहे, तूरही आहे, भाजीपाला आहे, त्यात चार वडे लाखोळीचे, तर काही बिघडत नाही. डाळ भिजवून, उकळून, ते पाणी फेकून दिले तर विषही बरेच उतरते. पण पाणी फेकायला आधी पाणी आणि सरपण हवे, आणि घरात दुसरे काही शिजायला हवे. रीवाकडे तर शेतमजुरांना मजुरीच या डाळीची देत. त्यांनी काय निवडावे? म्हणजे विष एकच, डाळ एकच, गावही एकच, आणि पाय कोणाचे गेले, तर ज्यांच्या ताटात दुसरे काही नव्हते त्यांचे. पुन्हा हे पीक असे चिवट, की ज्या साली बाकी सारे बुडते त्या साली हेच हाती लागते. ज्या साली ते कमी खावे त्याच साली ते अधिक खाल्ले जाते.

सरकारने १९६१ साली या डाळीच्या विक्रीवर बंदी आणली. पुष्कळ वर्षे ती होती. आपल्याकडच्या शेतकऱ्याने पिकवायचे थांबविले नाही, पण बाजारात तोंड लपवून विकावे लागे, आणि भाव पडे. नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी यांनी बंदीविरुद्ध मोठी खटपट केली, आणि २००८ साली महाराष्ट्रात ती उठली. आता कमी विषाचे बियाणेही निघाले आहे. बंदी असावी की नसावी यावर शिकलेल्या लोकांत अजून वाद होतात. मला वाटते, दोन्ही बाजू डाळीविषयी बोलतात, ताटाविषयी कोणी बोलत नाही. ताटात चार गोष्टी असल्या की लाखोळी ही नुसती डाळ आहे. आज असे नवे रोगी फारसे दिसत नाहीत, ते लोकांच्या ताटात दुसरे धान्य आले म्हणून, असे मी तरी समजते.

तर पाय जाण्याचे दिवस गेले. आता भूक दुसऱ्या वेषात येते. २०१९ ते २०२१ या काळात सरकारने घरोघर जी आरोग्याची पाहणी केली, तीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वर्षांच्या बायांपैकी शंभरांत ५४ जणींच्या अंगात रक्त कमी निघाले. म्हणजे या मांडवात बसलेल्या प्रत्येक दोघींपैकी एक. जिना चढताना धाप, छातीत धडधड, पायात गोळे, केस गळणे, विसरभोळेपणा, सगळे आपण वयावर घालतो. आपल्या भागात सिकलसेलचाही आजार आहे, म्हणून रक्त तपासून घ्यावे; नुसते “कमजोरी आहे” म्हणून टॉनिकची बाटली आणू नये. जेवणाबरोबर चहा घेऊ नये, त्याने अन्नातले लोह अंगी लागत नाही. हे मी सांगते खरे, पण ज्या घरात चहा हेच जेवण आहे तेथे काय सांगावे? आणि चहाचे तरी बरे. खर्रा तोंडात धरला, की दोन तास भूक कळत नाही. गुडाखू घासला, की सकाळची भाकरी टळते. आपल्या किती बाया याच कारणाने त्याला लागल्या, हे कोणी विचारले आहे काय? व्यसनमुक्तीवर भाषण देणाऱ्यांनी आधी टोपलीत भाकरी आहे की नाही ते पाहावे.

साखरेचा आजार श्रीमंतांचा असे पूर्वी म्हणत. आता तो मजुरालाही होतो. त्याला दवाखान्यातून गोळी मिळते. गोळी वेळेवर घ्यायची आणि वर जेवायचे असते. घरात जेवण नसले की तो गोळी घेतो आणि बांधावर घाम फुटून चक्कर येऊन पडतो, किंवा भीतीने गोळीच टाकतो. दोन्ही वाईट. डॉक्टर म्हणतात भात कमी करा, डाळ-भाजी वाढवा. रेशनवर येतो तांदूळ. तो बिचारा कशाने कमी करणार?

आणि क्षयरोग. हा अर्धपोटी माणसाला शोधतच येतो. झारखंडात २०१९ ते २०२२ या काळात डॉक्टरांनी एक मोठे काम केले. क्षयाच्या रोग्यांना तर शिधा दिलाच, पण काही ठिकाणी त्यांच्या घरातील इतर माणसांनाही दरमहा शिधा दिला. मोठ्या माणसाला ५ किलो तांदूळ, दीड किलो तुरीची डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या. ज्या घरांतील माणसांना तो मिळाला, त्यांच्यात नव्याने क्षय होण्याचे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी कमी झाले. औषध नवे नाही, सुई नाही. तांदूळ आणि तुरीची डाळ! आपल्याकडे क्षयाच्या रोग्याला औषध चालू असेपर्यंत खाण्यासाठी सरकारकडून पैसे मिळतात. २०१८ पासून महिना ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. कोणाच्या घरी रोगी असेल तर आशाताईला विचारा, लाजू नका.

आता रेशनचे सांगते. २०१३ सालच्या अन्न सुरक्षा कायद्याने माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळते, अंत्योदयाच्या घराला ३५ किलो. करोनाच्या साली, २०२० मध्ये, टाळेबंदी लागली आणि बाहेरगावी गेलेली आपली माणसे पायी परतली, तेव्हा या धान्याने किती घरे तारली हे आपण डोळ्यांनी पाहिले. जानेवारी २०२३ पासून ते फुकट आहे. ज्यांना ते नावडते त्यांनी एकदा त्याच्यावाचून महिना काढून पाहावा. तरी हिशेब करा. ५ किलोचे ३० दिवस केले तर माणशी दिवसाला १६७ ग्रॅम पडतात. दिवसभर चिखलात वाकणाऱ्या बाईचे ते एक वेळचेच होते. वर डाळ नाही, तेल नाही, भाजी नाही. शिवाय यंत्रावर अंगठा लावायचा. जन्मभर रोवणे केलेल्या म्हातारीच्या अंगठ्यावर रेघा उरतात कोठे? माझ्यासमोर एका दुकानात एका आजीला तीनदा परत पाठविले. याच कायद्याने शिधापत्रिकेवर कुटुंबप्रमुख म्हणून घरातल्या सर्वांत वडील बाईचे नाव आले आहे. फार चांगले झाले. पत्रिकेवर ती पहिली आली, पानावर मात्र शेवटची राहिली. ते काम कायद्याचे नाही, आपल्या घरचे आहे.

मन फार खचले तर सरकारने १४४१६ हा फोन नंबर ठेवला आहे. २०२२ पासून तो चालू आहे, त्यावर बोलता येते, पैसे पडत नाहीत. लिहून घ्या. फोनवर भात मिळत नाही हे मलाही कळते, पण ऐकणारे माणूस मिळते, आणि रात्रीच्या वेळी तेही थोडे नव्हे.

आता ज्यासाठी एवढे बोलले ते. आपल्या मंडळाची शिल्लक यंदा बरी आहे. त्यातून खुर्च्या आणि कर्णा घ्यावा, असे कार्यकारिणीत चालले आहे. खुर्च्यांना माझा विरोध नाही, माझेही गुडघे दुखतात. पण माझी सूचना अशी आहे, की कर्णा पुढच्या वर्षी घ्यावा आणि यंदा दोन मोठ्या पत्र्याच्या कोठ्या घ्याव्यात. ज्यांच्या घरी धान आले आहे त्यांनी आपल्या खुशीने पायली, दोन पायल्या घालाव्यात. जिला जमेल तिने तुरीची डाळ घालावी. श्रावण-भाद्रपदात जिला गरज पडेल तिने न्यावे, आणि आपले धान आले की तेवढेच परत आणून घालावे. आपल्या सासू-आजेसासूंच्या काळी असे धान्य सवाईने, दिढीने मिळे. पायलीला सव्वा पायली, दीड पायली. आपल्या कोठीला सवाई नको. जितके नेले तितकेच. त्या साली नाहीच पिकले, तर पुढच्या साली.

हे मी दोघी-तिघींजवळ बोलले तेव्हा त्यांनी अडचणी काढल्या, त्याही सांगते. एक म्हणाली, भांडणे होतील. होतील. भिशीतही होतात, म्हणून आपण भिशी बंद केली नाही. दुसरी म्हणाली, उंदीर आणि सोंडे लागतील. त्याला कडुनिंबाचा पाला आहे आणि महिन्याचे ऊन आहे, ते काम माझ्याकडे द्या. तिसरीचे म्हणणे मात्र खरे अवघड होते. ती म्हणाली, जिला खरी गरज आहे ती येणारच नाही, लाजेल. यावर मी पुष्कळ विचार केला. मला इतकेच सुचले, की नेणाऱ्यांत आपणही असावे. मी स्वतः भाद्रपदात एक पायली नेणार आहे आणि दिवाळीनंतर परत घालणार आहे, गरज असो वा नसो. अध्यक्षबाईंनीही न्यावी अशी माझी त्यांना विनंती आहे. दहा घरच्या बाया पदराआड न लपवता भर दुपारी पायली घेऊन रस्त्याने गेल्या, तर अकरावीला कोण विचारील? नावे वहीत राहावीत, हिशेब चोख असावा, पण ती वही सभेत मोठ्याने वाचू नये. किल्ली दोघींकडे असावी, आणि त्या दोघी एका घरच्या नसाव्यात.

यावर हात वर करून मत घ्यायचे की काय ते अध्यक्षबाई ठरवतील. तोवर माझ्या घरच्या दोन पायल्या मी बाजूला काढून ठेवल्या आहेत. संक्रांतीनंतरच्या पहिल्या रविवारी, दुपारी भांडी झाल्यावर, मंडळाच्या ओट्यावर मी मोजायला बसेन. पायली मी आणते. चाळणी आणि एक मोठी ताडपत्री कोणाकडे असेल तर आजच सांगून ठेवा.